नैनीतालला जाण्यापूर्वी

विद्यार्थी मित्रांनो, यंदाची शैक्षणिक सहल नैनीतालला जाणार हे कळल्यापासून मधल्या सुटीत बोट, रोपवे आणि स्वेटर यांखेरीज दुसरा विषय ऐकू येत नाही. काही पालकांनी मात्र विचारले, की सहल ऑगस्टमध्ये का नाही? तेव्हा गर्दी कमी असते, खर्चही कमी येतो. आम्ही दिवाळीची सुटी का धरली, ते या पाठात सांगतो.

इंदूरहून दिल्लीमार्गे आपण काठगोदामला उतरू. तेथे लोहमार्ग संपतो. पुढच्या सुमारे ३५ किलोमीटरच्या घाटात आपण जवळजवळ १४०० मीटर वर चढतो. ज्यांना गाडी लागते, त्यांनी पोटभर खाऊन बसू नये. वर पोहोचलो की डोंगरांच्या वाटीत पाणी दिसते. तेच नैनी सरोवर. त्याच्या वरच्या टोकाला मल्लीताल आणि खालच्या टोकाला तल्लीताल. सतीचा नेत्र येथे पडला अशी श्रद्धा असून काठावर नैनादेवीचे मंदिर आहे.

मल्लीतालला तलावालगत एक मोठे सपाट मैदान आहे. त्याला ‘फ्लॅट्स’ म्हणतात. मुले तेथे क्रिकेट खेळतात. चहूकडे उभे डोंगर असताना मध्येच एवढी सपाट जागा कोठून आली, हा भूगोलाचा प्रश्न आहे.

उत्तर १८ सप्टेंबर १८८० या दिवसात आहे. शेर-का-डांडा नावाच्या डोंगराचा खडक पाटीच्या दगडासारखा थराथरांचा आहे. थरांत पाणी मुरले की ते सुटतात. तेथे १८६६ मध्ये आणि त्यानंतर पुन्हा दरड कोसळली होती, तरी पायथ्याशी हॉटेल उभेच होते. १८८० च्या त्या सप्टेंबरात दोन दिवस संततधार लागली. शनिवारी सकाळी लहान दरड आली. अडकलेल्यांना काढण्यासाठी शिपाई व मजूर धावले. ते काम करीत असतानाच दुपारी अख्खा उतार खाली आला. हॉटेल, मंदिर, इमारती गाडल्या गेल्या. १५१ माणसे दगावली आणि त्यांत मदतीला धावलेले बरेच होते. तो ढिगारा थेट तलावात शिरला आणि मैदान आजच्या विस्ताराला आले. मंदिर पुढे नव्याने बांधले गेले.

त्यानंतर डोंगरांवर बांधीव नाल्यांचे जाळे वाढविण्यात आले. पावसाचे पाणी उतारात मुरू न देता तलावात नेऊन सोडायचे, एवढेच त्यांचे काम. बाजारात फिरताना हे नाले अवश्य पाहा. सहलीच्या माहितीपत्रकात ते नसतात, पण आमच्या मते रोपवेपेक्षा ते अधिक पाहण्यासारखे आहेत. नाला तुंबला किंवा त्यावर बांधकाम झाले, की पाणी पुन्हा डोंगरात शिरते. तल्लीतालच्या खाली, जेथून सरोवराचे पाणी बाहेर पडते, त्या बलियानाल्याचा काठही वर्षानुवर्षे ढासळतो आहे.

नाल्यांतला कचराही तलावातच जातो आणि गावाला पिण्याचे पाणी त्याच तलावातून मिळते. प्रदूषणाने तळाच्या पाण्यातला प्राणवायू इतका घटला, की २००७ मध्ये नळ्यांनी हवा सोडण्याची सोय करावी लागली. मागच्या सहलीत आमच्याच एका विद्यार्थ्याने वेफर्सची रिकामी पिशवी नाल्यात टाकली. आम्ही त्याला रागावलो, पण नाला कोठे जातो हे आधी सांगितले नव्हते, हा दोष आमचाच.

तर पालकहो, पावसाळ्यात या उतारांवर मुलांना नेण्याची जोखीम आम्ही घेणार नाही. दिवाळीच्या सुमारास आभाळही बहुधा निरभ्र असते आणि स्नो व्ह्यूवरून नंदादेवी दिसते.

बोटीत बसल्यावर मल्लीतालकडे तोंड करा. उजव्या हाताचा डोंगर शेर-का-डांडा. वहीत त्याचे चित्र काढा व दिसतील तेवढे नाले त्यात दाखवा. वही परतीच्या गाडीत तपासली जाईल.