दुकानात भरलेला कर कुठे जातो?

सख्यांनो, मोबाईलचं रिचार्ज आपण सगळ्याच मारतो. रिचार्ज २३६ रुपयांचं असेल, तर त्यात २०० रुपये कंपनीचे आणि ३६ रुपये जीएसटी. त्या ३६ मधले १८ केंद्र सरकारचे, १८ राज्य सरकारचे. गटाच्या बैठकीत कोणी म्हणालं, "आम्ही गरीब, आम्ही कुठं कर भरतो?" तर हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवा.

मग हा पैसा आपल्याकडे परत येतो का? शहराचं उत्तर वेगळं, गावाचं वेगळं. आधी नाशिकच्या इंदिरानगरचं बघू.

पूर्वी नाशिकच्या वेशीवर जकात नाके होते. ट्रक थांबायचा, मालावर जकात भरायचा, आणि पैसा थेट महापालिकेकडे. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना तोही माफ झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि एलबीटी पुरताच गेला. बुडालेल्या उत्पन्नापोटी राज्य सरकार महापालिकेला दर महिन्याला भरपाई देतं; कायद्यानं ती दर वर्षी ८ टक्क्यांनी वाढते. इंदिरानगरचे रस्ते, दिवे, घंटागाडी, सिटीलिंक बस हे सगळं घरपट्टी-पाणीपट्टीबरोबर या पैशावरही चालतं. नाक्यावरच्या रांगा गेल्या ते बरंच झालं. पण जो पैसा शहर स्वतः गोळा करायचं, त्यासाठी आता मुंबईकडे बघावं लागतं.

ही भरपाई महापालिकांची. आपल्या ग्रामपंचायतीची हक्काची कमाई म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आठवडे बाजाराची फी. बाकी मोठा पैसा वित्त आयोगाचा. तो केंद्राच्या करांतूनच येतो, म्हणजे तुमच्या रिचार्जमधला थोडासा वाटाही त्यात असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ८० टक्के महाराष्ट्रात थेट ग्रामपंचायतींना मिळाले. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला १०-१० टक्के. त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, दुसरीकडे वळवता येत नव्हता. नळाला पाणी नाही आणि "निधीच नाही" असं उत्तर मिळालं, तर हे लक्षात असू द्या.

आपल्या मालाचंही सांगते. पापडावर जीएसटी शून्य आहे. लोणच्यावर आहे, पण माल राज्यातच विकत असाल आणि गटाची वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल, तर नोंदणीची सक्ती नाही. मात्र नोंदणी नसताना गिऱ्हाईकाकडून जीएसटी घ्यायचा नाही. कोणी "सगळेच लावतात" म्हणालं तरी नाही.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती नुसती सह्यांपुरती होते. पुढच्या वेळी सही करण्याआधी ग्रामसेवकांना विचारा: गेल्या वर्षी घरपट्टी किती जमली, त्याचे १० टक्के किती झाले, आणि ते कशावर गेले? उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. मग सही करा.