कुत्र्याचें मन ओळखावें कसें?

गेल्या पावसाळ्यांत आपल्या शाळेंतील खालच्या वर्गांतल्या एका मुलाच्या हाताला शेजारच्या कुत्र्यानें चावा घेतला. मी समाचारास गेलों तेव्हां तो रडत म्हणाला, "पण सर, तो तर शेपूट हालवीत होता!"

मुलगा खोटें बोलत नव्हता. शेपूट हाललें म्हणजे कुत्रा आनंदला, असें आपण लहानपणापासून ऐकतों. पण तें अर्धेंच खरें आहे. हालणाऱ्या शेपटावरून कुत्र्याचें मन चाळवलें आहे एवढेंच कळतें. तें हर्षानें कीं रोषानें, हें सर्व शरीर पाहून ठरवावें लागतें. कमरेसकट सैलपणें डुलणारें शेपूट निराळें, आणि उंच ताठ उभारून जलद थरथरणारें शेपूट निराळें.

चार्लस डार्विन यांनीं १८७२ सालीं मनुष्य व पशु यांच्या भावनांच्या आविष्कारावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं एक प्रसंग वर्णिला आहे. परका मनुष्य येत आहे असें समजून कुत्रा ताठ पावलांनीं पुढें जातो. मान वर, शेपूट उभें, पाठीवरचे केंस फुललेले, कान पुढें, दृष्टि रोखलेली. इतक्यांत तो मनुष्य आपला धनीच आहे असें त्यास कळतें. त्या क्षणीं सारें पालटतें! अंग लवतें, शेपूट खालीं येऊन डुलूं लागतें, कान मागें पडतात, ओठ सैल सुटतात. जणूं पहिल्या चित्राचें अक्षर न् अक्षर उलटें लिहिलें आहे.

क्रोधापेक्षां भीति ओळखणें अधिक कठीण, आणि भ्यालेला कुत्राच पुष्कळदां चावतो. पायांत घातलेलें शेपूट कोणासही दिसतें. परंतु झोंप नसतां दिलेली जांभई, अन्न नसतां ओठांवरून फिरविलेली जीभ, वळविलेलें तोंड, डोळ्याच्या कडेस दिसणारा पांढरा भाग, एकाएकीं थिजलेलें अंग, या खुणांकडे कोण पाहतो? त्यानंतर येतें तें गुरगुरणें. पालकांस माझी विनंति आहे कीं, गुरगुरल्याबद्दल कुत्र्यास मारूं नये. मारानें त्याची भीति जात नाहीं. तो फक्त सूचना देण्याचें सोडतो, आणि पुढच्या वेळीं न गुरगुरतां चावतो.

कुत्र्याच्या 'अपराधी' चेहऱ्याविषयींही आपण फसतों. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन विदुषींनीं २००९ सालीं १४ कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मना केलेला खाऊ कुत्र्यानें खाल्ला कीं नाहीं याच्याशीं त्या चेहऱ्याचा संबंध आढळला नाहीं. धन्यानें रागें भरलें कीं तो दिसे, आणि निरपराध्यास रागें भरलें असतां अधिकच. (हें वाचतांना मला वर्गांतलीं एक-दोन मुलें आठवलीं, हें कबूल करतों.)

त्या मुलास मीं विचारलें, "कुत्र्याचें तोंड कोणीकडे होतें?" तो विचार करून म्हणाला, "दुसरीकडे. तो सारखा ओठ चाटत होता. मला वाटलें, त्याला भूक लागली." कुत्रा सांखळीनें बांधलेला होता, त्यास दूर सरतांही येईना.

त्याच्या आईनें जखम लागलीच साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुतली व त्यास रुग्णालयांत नेऊन लस टोंचविली, हें फार उत्तम केलें. कारण अलर्क रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी वाचणें जवळजवळ अशक्यच.

आतां वाटेंत अनोळखी कुत्रा जवळ आला तर तो मुलगा पळत नाहीं. हात अंगालगत ठेवून, त्याच्या डोळ्यांत रोखून न पाहतां, स्तब्ध उभा राहतो. कुत्रा हुंगून निघून गेला, म्हणजे आपणही आपल्या वाटेस लागतो.