तळं भरलेलं असतानाच वाटणी ठरवावी

कोल्हापूरच्या दक्षिणेला कळंबा गाव आहे. गावाजवळ मोठं तळं आहे. संस्थानच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, ते बांधलं. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारं पावसाचं पाणी तिथं साठतं. शहराला पिण्याचं पाणी मिळावं, हा हेतू होता. तेव्हा विजेचे पंप नव्हते. पाणी उतारानं शहराकडं जाई.

पुढं शहर वाढलं, गावही वाढलं. शेतं होती तिथं घरं उठली. तळं मात्र तेवढंच राहिलं. उलट गाळानं उथळ झालं. पाणी तेवढंच, पण पिणारी तोंडं वाढली.

ही गोष्ट एकट्या कळंब्याची नाही. तुमच्या गावात तळं नसेल, तर विहीर असेल, ओढा असेल, गायरान असेल. म्हणून या धड्यात आपण तीन गोष्टी पाहू. हवा बदलली की पाणी आणि वैरण यांचं काय होतं? त्यातून भांडण कसं लागतं? आणि ते भांडण कसं टाळता येईल?

म्हशीला काय लागतं?

कोल्हापूर जिल्ह्यात दुधाचा धंदा मोठा आहे. गोकुळ दूध संघ १९६३ साली निघाला. तेव्हापासून दुधाचा पैसा गावोगाव पोचला. ऊसाचं बिल येईल तेव्हा येईल, पण दुधाच्या पैशावर घरचं मीठ-मिरची चालते. हे बायाबापड्यांना आम्ही काय सांगावं!

पण दूध फुकट येत नाही. मोठी दुभती म्हैस उन्हाळ्यात दिवसाला ७० लिटरच्या आसपास पाणी पिते. म्हणजे पाच-सहा घागरी. शिवाय तिला ओली वैरण लागते, वाळली वैरण लागते. ती वैरण पिकवायलाही पाणीच लागतं. म्हशीची कातडी काळी. तिला घामही कमी येतो. म्हणून तिला डुंबायला पाणी हवं, निदान सावली तरी हवी. ऊन फार झालं की ती खाणं कमी करते आणि दूध आटतं.

हवा का बदलली?

माणसानं दोनशे वर्षं दगडी कोळसा जाळला, पुढं खनिज तेल जाळलं. त्यातून निघालेला वायू आकाशात साठला. पृथ्वीवर जणू घोंगडं पांघरल्यासारखं झालं. आतली ऊब बाहेर जाईना. जग तापलं.

तापलेली हवा जास्त वाफ धरून ठेवते. एक अंश उष्णता वाढली, की सुमारे ७ टक्के जास्त वाफ. म्हणून पाऊस पडला की एकदम कोसळतो. आणि ओढ दिली की जीव टांगणीला लावतो.

२०१९ साल आठवा. उन्हाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात चारा छावण्या लागल्या होत्या. माणसं जनावरांबरोबर छावणीतच राहत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापूरला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. गोठ्यात जनावरं बांधलेली, म्हणून कितीतरी माणसं घर सोडायला तयार होईनात. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तसाच पूर आला. त्याच वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला पुणे आणि नगर भागात अवकाळी पाऊस आणि गारठा आला. उघड्यावरची मेंढरं काकडून मेली.

एका पुराचं सगळं खापर हवेवर फोडता येत नाही. नदीकाठची बांधकामं, अडलेले ओढे, धरणांतून सोडलेलं पाणी, हीही कारणं असतात. पण हवा बदलल्यामुळं दुखणं वाढतं, हे खरं.

भांडण कुठून येतं?

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी उरलं नाही. पाण्याच्या टाक्यांजवळ मारामारी होऊ नये म्हणून सरकारनं जमावबंदी लावली. शेवटी मिरजेहून आगगाडीनं पाणी न्यावं लागलं.

आपल्या जिल्ह्यातही पाहा. इचलकरंजी शहराला पिण्याचं पाणी पाहिजे. वारणेतून आणायचं ठरलं, तेव्हा दानोळीच्या लोकांनी विरोध केला. मग दूधगंगेतून, सुळकूडहून आणायचं ठरलं. तिथल्या काठच्या गावांनी विरोध केला. शहरातला माणूस म्हणतो, आम्ही तहानेनं मरायचं का? गावचा माणूस म्हणतो, आमची पिकं आणि जनावरं मरू द्यायची का? दोघंही खोटं बोलत नाहीत. पूर आला म्हणजे आणखी निराळं भांडण. महाराष्ट्रातले लोक अलमट्टी धरणाकडं बोट दाखवतात आणि कर्नाटक ते मानत नाही. पाणी कमी पडलं तरी भांडण, जास्त झालं तरी भांडण!

धनगर आणि शेतकरी यांचं पाहा. पूर्वी धनगर रानात मेंढरं बसवी. शेतकऱ्याला लेंडीखत मिळे, धनगराला धान्य मिळे. दोघांचंही भलं होई. आता रानात बारा महिने पीक उभं. गायरानं आकसली. मेंढरं न्यायची कुठं? एखादं मेंढरू पिकात शिरलं, की जुने सोबती काठ्या घेऊन समोरासमोर येतात. दूर आफ्रिकेत नायजेरिया देशात असंच झालं. चराई रानं कमी झाली, गुराखी आणि शेतकरी यांच्यात तंटे झाले, हजारो माणसं मेली. तिथंही जमिनीची टंचाई आणि दुबळा कारभार यांनी भर घातली होती.

आपल्या गोठ्याचा वाटा

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. गाय-म्हैस रवंथ करते, तेव्हा तिच्या पोटात मिथेन नावाचा वायू तयार होतो. तो ढेकरेवाटे बाहेर पडतो. तोही पृथ्वीवरच्या घोंगड्यात भर घालतो. माणसाच्या उद्योगामुळं जगात असे जेवढे वायू निघतात, त्यांचा सुमारे आठवा हिस्सा जनावरांच्या धंद्यातून येतो.

मग म्हशी विकायच्या का? तसं नाही. कोळसा आणि तेल यांचा वाटा फार मोठा आहे. दोन म्हशींवर पोट भरणारी बाई काही जग तापवत नाही. पण चार रोडक्या भाकड जनावरांपेक्षा दोन धडधाकट दुभती जनावरं बरी. वैरण वाचते, पाणी वाचतं आणि लिटरमागं वायूही कमी निघतो. शेण उकिरड्यावर कुजवण्यापेक्षा गोबरगॅसमध्ये घातलं, तर तोच वायू चुलीला उपयोगी पडतो. मागं उरलेली मळी शेताला होते.

हिवरे बाजारनं काय केलं?

अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार हे गाव आहे. तिथं पाऊस कमी. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. लोकांनी डोंगरावर चर खणले, झाडं लावली. डोंगरावर मोकळी गुरं सोडायची नाहीत, असं ठरवलं. गवत कापून आणायचं आणि गोठ्यात घालायचं. शेतीसाठी कूपनलिका खणायची नाही, हेही ठरलं. पावसाळा संपला की पाऊस किती झाला, पाणी किती आहे, याचा हिशेब ग्रामसभेत मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढतात. उरलेल्या पाण्यावर कोणती पिकं घ्यायची ते ठरवतात. गवत वाढलं, तसं गावचं दूधही पुष्कळ वाढलं.

यातली मोठी गोष्ट कोणती? नियम टंचाईत केले नाहीत. टंचाईच्या आधी केले. घसा कोरडा पडल्यावर न्याय सुचत नाही. तेव्हा ज्याचा पंप मोठा, त्याचं पाणी. ज्याचा आवाज मोठा, त्याची पाळी. गरीब माणूस आणि मुकं जनावर मागं राहतं.

आपण काय करावं?

दिवाळीच्या सुमारास तळी आणि विहिरी भरलेल्या असतात. तेव्हाच ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडा. गावात माणसं किती, जनावरं किती, ते मोजा. आधी पिण्याचं, मग जनावरांचं, मग पिकांचं, असा क्रम लिहून काढा. ग्रामसभेत बायकांना बोलू द्या, कारण घागर आणि वैरणीचा भारा त्यांच्याच डोक्यावर असतो. धनगराची वाट आणि मुक्कामाची जागा त्याच्याशी बोलून ठरवा. पुराच्या गावांनी जनावरं कोणत्या उंच जागी न्यायची आणि तिथं वैरण कोणी पुरवायची, हे पावसाळ्याआधी ठरवा. वैरण कुट्टी करून घाला, म्हणजे वाया जात नाही. ओली वैरण भरपूर असेल, तेव्हा मुरघास करून ठेवा.

आणि ठरलेलं कागदावर लिहा. आता तुम्हांला लिहिता-वाचता येतं. तोंडचा शब्द उन्हाळ्यात विसरला जातो. चावडीवर लावलेला कागद सगळ्यांना वाचता येतो.

विचार करा आणि सांगा

१. तुमच्या घरी जनावरं किती? त्यांना दिवसाला किती घागरी पाणी लागतं?
२. गावात पाण्यावरून किंवा चराईवरून शेवटचं भांडण कधी झालं? ते आधी टाळता आलं असतं का?
३. तुमच्या गावासाठी पाण्याचे तीन नियम लिहा आणि शेजाऱ्याला वाचून दाखवा.