अमिगाला कान बसवताना: काय करावे, काय टाळावे

1987 च्या अमिगा 500 संगणकातली पॉला चिप चार चॅनेलवर 8 बिट आवाज झकास वाजवते. पण बाहेरचा आवाज आत घ्यायची सोय मशीनमध्ये नाही. प्रिंटरच्या पॅरलल पोर्टवर सॅम्पलर लावून ती घरी करता येते. आवाजाचे आकडे करणारी एडीसी चिप जोडणे सोपे. वेळ खातो तो तिच्या आधीचा अ‍ॅनालॉग भाग.

काय करावे

• एडीसी 0820 घ्यावी. 0804 सगळीकडे मिळते, पण एका रूपांतराला ती सुमारे 100 मायक्रोसेकंद घेते, म्हणजे सेकंदाला जेमतेम 10 हजार सॅम्पल. बोलणे कळते, झांज मात्र मेलेली वाटते. 0820 अडीच मायक्रोसेकंदांच्या आत मोकळी होते.

• रूपांतर पिन 1 वरून सुरू करावे. प्रोग्रॅमने पोर्ट वाचला की तिथे आपोआप छोटा पल्स येतो. वेगळे घड्याळ लागत नाही.

• चिपला 0 ते 5 व्होल्टच समजतात आणि आवाज तर शून्याच्या खाली-वर झुलतो. म्हणून कपॅसिटरमधून आत घेऊन, दोन समान रेझिस्टरनी तो अडीच व्होल्टवर बसवावा. शांततेत 128 च्या आसपास आकडा दिसला की जमले. पॉलाला चिन्हासह आकडे लागतात, तेव्हा प्रत्येक सॅम्पलमधून 128 वजा करावे. हे राहिले तर नुसती खरखर.

• फिल्टरवर कंजुषी नको. 16 किलोहर्ट्झने सॅम्पल घेताना आत शिरलेला 10 किलोहर्ट्झचा सूर 6 किलोहर्ट्झचा होऊन बाहेर येतो, आणि मग तो कशानेही निघत नाही. एकच रेझिस्टर-कपॅसिटर पुरत नाही. ऑप-अँपचा दोन टप्प्यांचा फिल्टर लावावा.

• प्रत्येक डेटा तारेत काहीशे ओहमचा रेझिस्टर घालावा.

• छोटे आवाज घ्यावेत. 16 किलोहर्ट्झने सेकंदाला 16 किलोबाइट जातात, आणि मूळ मशीनची मेमरी सगळी मिळून 512. तबल्याची एक थाप घ्या, अख्खे गाणे नको. छोट्या सॅम्पलमधून गाणे रचणाऱ्या, कार्स्टन ओबार्स्कीच्या साउंडट्रॅकर प्रोग्रॅमला तरी दुसरे काय लागते!

काय टाळावे

• मशीन चालू असताना कनेक्टर लावणे-काढणे. पोर्टच्या तारा थेट 8520 चिपला जातात. ती गेली की जुनी शोधत फिरा.

• 500 साठी केलेली जोडणी अमिगा 1000 ला लावणे. 500 वर पिन 23 ग्राउंड आहे. 1000 वर तिथे 5 व्होल्ट आहेत. सरळ शॉर्ट.

• पिन 14 वर सर्किट चालवणे. तिथले 5 व्होल्ट नावापुरते. जॉयस्टिक पोर्टच्या पिन 7 वरून घ्यावेत.

• अ‍ॅम्प्लिफायरची स्पीकरची तार जोडणे. टेपचा लाइन-आउटच बरा.

• सॅम्पलर लावलेला असताना प्रिंट देणे. दोन्हीकडून एकाच तारेवर जोर लागतो.

• सॅम्पल घेताना पडदा आणि इंटरप्ट चालू ठेवणे. वाचनाच्या वेळा डळमळतात आणि आवाज किरकिरतो. पडदा काळा झाला तर घाबरू नये, तो मुद्दाम बंद केलेला असतो.