जीपवर हॅमचा अँटेना : पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

थार, जिम्नी किंवा जुनी जिप्सी दारात आहे आणि हॅम रेडिओचा परवाना नुकताच हातात आला आहे, अशा माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "अँटेना कुठला घेऊ?" माझ्या मते हा प्रश्न तिसरा-चौथा हवा. अँटेना बसणार कशावर, त्याच्याखाली लोखंडी पत्रा आहे का आणि तो पत्रा गाडीच्या बाकीच्या अंगाशी विजेच्या दृष्टीने जोडलेला आहे का, हे आधी बघायचं. अडीच-तीन हजारांचा साधा अँटेना नीट बसवला, तर चुकीच्या जागी लावलेल्या दहा हजारांच्या अँटेनापेक्षा तो लांबवर ऐकू जातो. छोट्या गाडीत हे जास्तच खरं आहे, कारण पत्राच मुळात कमी असतो. थार (तीन दारांची) आणि जिम्नी दोन्ही चार मीटरच्या आतल्या गाड्या आहेत.

इथले सगळे भाव अंदाजाचे आहेत. केबल, कनेक्टर, फ्यूज मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळतात. गाडीचे अँटेना मात्र बरेचसे बाहेरून येतात, त्यामुळे त्यांचे भाव डॉलरबरोबर आणि आयातशुल्काबरोबर हलतात. वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे धरूनच हिशेब मांडा.

आधी कागद

परवान्याशिवाय हॅमच्या बँडवर बोलणं हा गुन्हा आहे. नुसता अँटेना लावला म्हणून कुणी हॅम होत नाही. परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते आणि अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर होतो. या सगळ्या उद्योगात सरकारी शुल्क हा सर्वांत किरकोळ खर्च आहे. परवाना आल्यावर त्यावरच्या अटी वाचा. नोंदवलेल्या पत्त्याबाहेर, चालत्या वाहनातून केंद्र चालवण्याबद्दल शंका असेल तर लेखी विचारून उत्तर फाइलला लावा.

स्वस्तातला सेट ऑनलाइन दिसला तर जपून. २०२५च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीबद्दल ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि पाठोपाठ मार्गदर्शक सूचनाही जारी केल्या. विक्रेत्याकडे उपकरणाच्या मान्यतेचा कागद मागा; नसेल तर तो सेट घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. आणि ताफ्यातल्या चार गाड्यांनी एकमेकींशी बोलायचं एवढीच गरज असेल तर हॅमच्या वाटेला जाऊच नका. ४४६ ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातले कमी शक्तीचे मान्यताप्राप्त हँडसेट परवान्याशिवाय वापरता येतात.

खिशात लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरा

दोन मीटरचा बँड आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ आहे. त्यावरच्या पाव तरंगलांबीच्या अँटेनाची दांडी साधारण ५० सेंटीमीटर भरते. ही दांडी म्हणजे अर्धाच अँटेना. दुसरा अर्धा म्हणजे तिच्याखालचा पत्रा, शक्यतो चारी बाजूंना निदान तेवढाच पसरलेला. म्हणून छपराचा मध्य ही उत्तम जागा.

जिम्नीचं छप्पर पोलादी आहे, प्रश्नच मिटला. तीन दारांच्या थारचं सॉफ्ट टॉप म्हणजे कापड आणि हार्ड टॉप फायबरचं. चुंबक दोन्हीवर घसरतो. थार रॉक्सचं छप्पर धातूचं आहे, पण सनरूफच्या मॉडेलमध्ये नेमकी मधली जागा काच खाते. जुन्या जिप्सींवर मूळ टप जाऊन दुसरा आलेला असतो, म्हणून तिथे तर चुंबक लावल्याशिवाय काहीच ठरवू नका.

छपराला पत्रा नसेल तर दोन वाटा उरतात. एक म्हणजे बॉनेटच्या कडेला किंवा मागच्या अंगाला ब्रॅकेट लावून मिळेल तेवढा पत्रा वापरायचा. दुसरी म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना घ्यायचा, ज्याला खालच्या पत्र्याची फारशी गरज लागत नाही. डायमंड कंपनीचा एनआर-७७० याच जातीचा, साधारण एक मीटर लांब. असे अँटेना पाच ते आठ हजारांत येतात, पाव तरंगलांबीचा साधा दीड ते तीन हजारांत. कापडी टपाच्या थारवाल्याने हे वरचे तीन-चार हजार जरूर घालावेत. जिम्नीवाल्याने वाचवावेत.

जागा आणि त्यांची किंमत

चुंबकी तळ आठशे ते अडीच हजार रुपयांना मिळतो. भोक नाही, स्क्रू नाही, विकताना गाडी होती तशी. व्हीएचएफवर तो ठीक चालतो, कारण तळ आणि छप्पर यांच्यामधला रंगाचा पातळ थर कपॅसिटरसारखा काम करतो. ऑफरोडिंगला मात्र मी तो सुचवत नाही. ताम्हिणीच्या आतल्या वाटेवर एखादी फांदी आडवी आली की तळ घसरतो आणि त्याच्याखाली अडकलेली माती रंगावर ओरखडे काढत जाते. शहरात वापरा, रानात शिरताना काढून ठेवा.

बॉनेटच्या किंवा मागच्या दाराच्या कडेला चिमट्यासारखा बसणारा ब्रॅकेट दीड ते साडेतीन हजारांना पडतो. आतल्या बाजूचे बारीक स्क्रू रंग भेदून पत्र्याला टेकतात, तोच त्याचा अर्थ. गंजही तिथूनच धरतो. स्क्रू आवळल्यावर त्या टिचभर जागेला झिंक प्रायमर आणि वर ग्रीस लावून घ्या. कोकणात राहणाऱ्यांनी हे टाळलं तर दुसऱ्या पावसाळ्यात तपकिरी ओघळ दिसतील. बॉनेट आणि दार बिजागरीवर असतात आणि बिजागरीतून जोड भरवशाचा नसतो. म्हणून तांब्याची विणलेली पट्टी बॉनेटपासून बॉडीपर्यंत जोडा. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे.

स्टेपनीमागे ब्रॅकेट लावायला सगळ्यांना आवडतं, कारण दिसायला छान दिसतं. वेल्डरकडून आठशे ते दीड हजारांत बनतो. पण अँटेनाचा खालचा भाग चाकाला आणि पत्र्याला लगटून राहतो, त्यामुळे आवाज एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी जातो. शिवाय दार उघडताना-मिटताना केबल दर वेळी वाकते. दुसरी जागा मिळत असेल तर ही सोडा.

पुढच्या बुल बारवर अँटेना लावायचा विचार असेल तर बुल बारच काढा. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्येच अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे.

छपराला १९ मिलिमीटरचं भोक पाडून बसवायचा एनएमओ तळ दीड-अडीच हजारांना मिळतो आणि मजुरी हजार-दोन हजार होते. रेडिओच्या दृष्टीने याला तोड नाही. नीट बसवला तर गळत नाही, हलत नाही, फांद्यांना दाद देत नाही. पण जिम्नीत सहा एअरबॅग आहेत आणि पडद्यासारख्या उघडणाऱ्या दोन छपराच्या कडेने जातात. भोक मध्यावर हवं आणि केबल त्या एअरबॅगच्या मागून न्यायला हवी, समोरून कधीच नाही. एअरबॅग कुठून जातात हे न विचारता ड्रिल हातात घेणाऱ्याला गाडी देऊ नका. वॉरंटीवर काय परिणाम होईल ते डीलरकडून आधीच लिहून घ्या.

कॅरियर असेल तर क्लॅम्प सहाशे ते दीड हजारांत भागतो, आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते. कॅरियर लोखंडाचा दिसतो म्हणून माणूस समजतो की अर्थ मिळाला. मल्टिमीटरची एक सुई क्लॅम्पच्या बोल्टला आणि दुसरी दाराच्या स्ट्रायकरला लावून बघा. बऱ्याचदा काटा हलतच नाही. कॅरियरवर पावडर कोटिंगचा जाड थर असतो आणि त्याचे पाय छपराच्या पन्हळीवर रबरावर टेकलेले असतात. म्हणजे तो सगळा सांगाडा गाडीपासून अलग, हवेत तरंगतो. मुळशीकडे एका थारवर हेच बघितलं. डेंटर कोटिंग घासायला तयार नव्हता. "साहेब, नवा कॅरियर आहे, गंजेल. मग मलाच बोल लावाल." त्याचं म्हणणं रास्त होतं. बोल्टखालची रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, दातेरी वॉशर घातला, बोटभर रुंद विणलेली पट्टी तिथून दाराच्या चौकटीच्या उघड्या बोल्टपर्यंत नेली आणि दोन्ही टोकांवर प्रायमर मारला. एसडब्ल्यूआर तीनच्या वर होता तो दीडच्या खाली आला. अँटेना तोच, केबल तीच. साहित्याला तीनशे रुपयेसुद्धा लागले नाहीत.

एसडब्ल्यूआर तीन म्हणजे सेटने पाठवलेल्या शक्तीपैकी पाव हिस्सा अँटेनाकडून परत येतो. दीड असेल तर फक्त चार टक्के. एसडब्ल्यूआर मोजणारा छोटा व्हीएनए चार ते सात हजारांना मिळतो, पण एकट्याने विकत घेण्यापेक्षा शहरातल्या हॅम मित्राकडून मागून आणा. आपल्या लोकांत असली मदत अजून मनापासून मिळते.

केबल, वीज आणि माणसं

चार-पाच मीटर केबलसाठी जाड, महागड्या केबलच्या मागे लागू नका. चांगल्या बनावटीची आरजी-५८ मीटरला चाळीस-सत्तर रुपयांना मिळते आणि दोन मीटरच्या बँडवर चार मीटरमध्ये साधारण पाऊण डेसिबलच खाते. ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्‌झ जास्त वापरणार असाल तरच वरच्या दर्जाची घ्या. पैसे कनेक्टरवर घाला : टेफ्लॉनचा आणि नीट डाग दिलेला. बाहेरच्या जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. सव्वाशे-दीडशे रुपयांची ही टेप आख्खी केबल वाचवते, कारण केबलच्या जाळीत एकदा पाणी शिरलं की ती फेकूनच द्यावी लागते.

पन्नास वॅटचा सेट बोलताना दहा-बारा अँपिअर ओढतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटचं हे काम नाही. बॅटरीपासून थेट ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणा आणि फ्यूज बॅटरीच्या वीतभर अंतरात ठेवा, म्हणजे वायर कुठे घासून शॉर्ट झाली तरी आग लागणार नाही. ऋण टोकावर सेन्सर बसवलेला असेल तर सेटची काळी वायर त्याच्या पलीकडे, बॉडीच्या अर्थवर जोडा. ऑटो इलेक्ट्रिशियनसकट हजार ते दोन हजारांचा हिशेब.

उघड्या जीपमध्ये मागे बसलेल्याच्या कानाजवळ अँटेना येणार असेल तर ती जागा बाद. पन्नास वॅटवर बोलताना अँटेनाच्या एक मीटरच्या आत माणूस नको, मुलं तर नकोतच. आणि वर बघा : थारची उंची पावणेदोन मीटरच्या वर, त्यावर मीटरभर अँटेना म्हणजे पावणेतीन मीटरच्या पुढे. मॉलच्या पार्किंगचा बीम साधारण सव्वादोन मीटरच्या आत असतो. तिथे फार तर दांडी वाकेल. शेतावरच्या झोळ पडलेल्या विजेच्या तारेखाली मात्र जीव जाऊ शकतो. घडी घालता येणारा किंवा स्प्रिंगवर बसणारा अँटेना पाचशे-हजाराने महाग असतो, तो घ्या.

लांब पल्ल्याची हौस

चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्‌झला, पाव तरंगलांबी साडेदहा मीटर भरते. जीपवर फार तर अडीच मीटर उभी राहते. उरलेली लांबी कॉइलने भरून काढायची आणि त्यात बरीचशी शक्ती उष्णतेत जाते. शंभर वॅटपैकी थोडेच वॅट हवेत जातात. एका बँडची फायबरची दांडी सहा-दहा हजारांना, मोटरवर ट्यून होणारा अँटेना चाळीस हजारांच्या पुढे. चालत्या गाडीतून बोलायचंच असेल तर हा खर्च समजण्यासारखा आहे.

बहुतेकांना तसं बोलायचं नसतं. एखाद्या घाटमाथ्यावर गाडी थांबवून बोलायचं असतं. त्यांनी दहा-दहा मीटरच्या दोन तारा, मध्ये बॅलन आणि सहा-सात मीटरची फायबरची काठी घ्यावी. सगळं मिळून दोन-तीन हजारांत होतं, आणि अडीच मीटरच्या त्या दांडीपेक्षा कितीतरी जोरात ऐकू जातं. काठी उभी करायला स्टेपनीचा ब्रॅकेट मात्र फार कामाला येतो.

एकूण हिशेब

पोलादी छपराच्या गाडीवर दोन मीटरचा नीट बसवलेला अँटेना, तळ, केबल, वायरिंग आणि मजुरी धरून नऊ-दहा हजारांत होतो. कापडी किंवा फायबरच्या टपाखाली बारा-तेरा हजार धरा. नव्या, मान्यताप्राप्त मोबाइल सेटचे पंचवीस ते पंचेचाळीस हजार यात धरलेले नाहीत. वीस हजारांच्या वर कुणी फक्त व्हीएचएफ बसवून देण्याचे मागत असेल तर प्रत्येक वस्तूचं वेगळं बिल मागा आणि त्यात नक्की काय येतं ते बघा. बिलावर जीएसटी क्रमांक आणि मॉडेलचं नाव हवं. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ला हेच कागद लागतात.

विमा कंपनीला कळवून इलेक्ट्रॉनिक साहित्य पॉलिसीत नोंदवून घ्या. रूढ दर साहित्याच्या किमतीच्या चार टक्के आहे, म्हणजे चाळीस हजारांच्या साहित्याला वर्षाला सोळाशे रुपये आणि त्यावर कर. नोंद नसेल तर चोरी झाल्यावर सेटचे पैसे मागायला आधार राहत नाही. पॉलिसीचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर काम त्याआधी उरका, म्हणजे बिलं त्याच फॉर्मबरोबर जोडता येतील.