प्रवेश-अर्जातील सन्मानांची निवड

बारावीनंतर पदवी-शिक्षणासाठी अमेरिकेतील महाविद्यालयाकडे अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे गुणपत्रिका, निबंध व शिफारसपत्रे यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न उभा राहतो. आजवर मिळालेल्या प्रशस्तिपत्रांपैकी कोणती अर्जात नोंदवावीत व कोणती घरच्या कपाटातच ठेवावीत, हा तो प्रश्न होय. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत भारताचे ३ लाख ३१ हजारांहून अधिक विद्यार्थी होते. त्यांतील बहुसंख्य पदव्युत्तर शिक्षण घेणारे असले, तरी पदवीची वाटही खुली आहे. ती केवळ श्रीमंतांसाठी आहे, असेही नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारख्या मोजक्या विद्यापीठांत प्रवेश मिळालेल्या परदेशी विद्यार्थ्यासही त्याच्या कुटुंबाची गरज पाहून पूर्ण आर्थिक साहाय्य दिले जाते. तेथे स्पर्धा अर्थातच अत्यंत तीव्र असते. यास्तव अर्ज कसा भरावा, हे तालुक्याच्या गावातील शिक्षकासही ठाऊक असणे अगत्याचे आहे.

दोन पद्धतींतील भेद

आपल्याकडे प्रमाणपत्राचे मोल बहुधा नियमाने ठरलेले असते. क्रीडास्पर्धेतील यशाबद्दल किंवा शासकीय रेखाकला परीक्षेतील श्रेणीबद्दल विहित अटींनुसार सवलतीचे वा वाढीव गुण मिळतात. प्रमाणपत्र जोडले की गुण मिळाले, असा हा सरळ हिशेब आहे. त्यामुळे जितकी प्रमाणपत्रे अधिक तितके बरे, अशी समजूत पालकांत रूढ झालेली दिसते.

अमेरिकेतील निवडक महाविद्यालयांत असा हिशेब नसतो. तेथे प्रवेश-अधिकारी संपूर्ण अर्ज वाचून विद्यार्थ्याविषयी मत बनवितात. एखाद्या सन्मानास अमुक गुण असे कोष्टक त्यांच्यापुढे नसते. हा सन्मान कशासाठी मिळाला, कितीजणांतून मिळाला आणि त्यावरून या विद्यार्थ्याच्या अभ्यासाविषयी काय कळते, एवढेच ते पाहतात. म्हणूनच येथे संख्येपेक्षा निवडीस महत्त्व आहे.

अर्जाची रचना

१९७५ साली पंधरा महाविद्यालयांनी एकत्र येऊन सुरू केलेला ‘कॉमन अॅप्लिकेशन’ हा सामाईक अर्ज आज एक हजाराहून अधिक संस्था स्वीकारतात. त्यात सन्मानांसाठी फक्त पाच जागा आहेत. प्रत्येक नोंद शंभर अक्षरचिन्हांत बसवावी लागते. सन्मान कोणत्या इयत्तेत मिळाला आणि त्याची पातळी शालेय, राज्य वा प्रादेशिक, राष्ट्रीय की आंतरराष्ट्रीय, हेही नोंदवावे लागते. दोन अटी मात्र ध्यानात ठेवावयास हव्यात. हे सन्मान शैक्षणिक स्वरूपाचे असावेत, ही पहिली अट आणि ते नववीपासून पुढचे असावेत, ही दुसरी.

खेळ, कला, समाजकार्य इत्यादींसाठी उपक्रमांचा वेगळा विभाग असून त्यात दहा जागा असतात. कबड्डीतील पारितोषिक तेथे त्या उपक्रमाच्या वर्णनात येऊ शकते. याच विभागात कौटुंबिक जबाबदाऱ्या व मोबदल्याचे काम यांनाही स्वतंत्र स्थान आहे. धाकट्या भावंडांचा सांभाळ करणारी किंवा सुटीत शेतमजुरीस जाणारी मुलगी ते काम येथे निःसंकोच नोंदवू शकते. या कामाबद्दल तिला कोणी प्रशस्तिपत्र दिलेले नसते. परंतु अर्जात त्यास जागा आहे, हे बहुतेकांस माहीत नसते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज निराळा आहे. त्यात उपक्रम व सन्मान मिळून वीस नोंदी करता येतात. मात्र सन्मान मिळण्यासाठी कोणती पात्रता लागत होती, हेही लिहावे लागते. निवड कशी झाली हे सांगता न येणारा सन्मान अशा रकान्यात टिकत नाही.

निवडीच्या कसोट्या

प्रशस्तिपत्र हाती घेऊन चार प्रश्न विचारावेत. निवड कोणी केली? ती कितीजणांतून झाली? सन्मान कामगिरीबद्दल मिळाला की शुल्क भरल्याबद्दल? आणि उद्या कोणी विचारणा केली, तर त्याची खातरजमा करता येईल काय?

नावातील ‘राष्ट्रीय’ वा ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दांवरून पातळी ठरवू नये. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ज्या ऑलिंपियाडसाठी भारताचे संघ निवडते, त्यांत एकामागून एक टप्पे पार करावे लागतात. त्यांतील पुढच्या टप्प्यासाठी झालेली निवडही नोंदविण्याजोगी असते. याउलट शुल्क आकारून शाळाशाळांत घेतल्या जाणाऱ्या काही खाजगी परीक्षांत वर्गात पहिल्या आलेल्या मुलासही ‘सुवर्णपदक’ मिळते. ते पदक आंतरराष्ट्रीय म्हणून नोंदविणे ही दिशाभूल ठरेल. केवळ सहभागाची प्रमाणपत्रे, तसेच पैसे भरून नामावलीत नाव छापून घेण्याचे ‘बहुमान’ सर्वस्वी वगळावेत.

अर्जाच्या अखेरीस सर्व माहिती सत्य असल्याचे विद्यार्थी स्वाक्षरीने मान्य करतो. माहिती खोटी आढळल्यास दिलेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत उघडकीस आलेल्या प्रवेश-गैरव्यवहारात काही विद्यार्थ्यांचे खोटे क्रीडा-कर्तृत्व रचण्यात आले होते. त्या प्रकरणाच्या सूत्रधारास २०२३ साली साडेतीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

एक उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एका कल्पित विद्यार्थिनीची फाईल पाहता येईल. ती तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेत बारावीत शिकते. फाईलमध्ये आठ कागद आहेत : पाचवीतील शिष्यवृत्ती, आठवीत परीक्षा देऊन मिळालेली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, नववीत ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत झालेली निवड, दहावीत शाळेत प्रथम क्रमांक, वाचनालयाच्या निबंध स्पर्धेत दुसरा क्रमांक, तालुका कबड्डी संघातील निवड, खाजगी परीक्षेचे ‘सुवर्णपदक’ आणि एका ऑनलाइन व्याख्यानाचे सहभागपत्र.

पाचवीची शिष्यवृत्ती नववीच्या आधीची असल्याने ती सोडावी लागते. आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत होत असली, तरी तिचा लाभ नववी ते बारावी ही चार वर्षे, वर्षाला १२,००० रुपये असा मिळतो व पुढील वर्गांत प्रगती राखल्यासच तो चालू राहतो. म्हणून तिची नोंद करणे उचित होय. योजना केंद्र शासनाची असली, तरी परीक्षा व निवड राज्य स्तरावर होते. तेव्हा पातळी ‘राज्य’ अशीच लिहावी. नोंदीचा आशय असा असावा : ‘राज्यस्तरीय परीक्षेतून निवड, अल्प उत्पन्न गटातील गुणवंतांसाठी शिष्यवृत्ती.’ नुसती इंग्रजी आद्याक्षरे लिहिल्यास परदेशी वाचकास काहीच बोध होणार नाही.

‘इन्स्पायर-मानक’ योजनेत मुलांच्या मूळ कल्पनांची निवड होऊन प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये दिले जातात. विद्यार्थिनीने कोणते उपकरण केले, हे त्या ओळीत आले तर योजनेच्या नावापेक्षा तेच अधिक सांगून जाईल. शाळेतील प्रथम क्रमांक ‘शालेय’ म्हणून नोंदवावा आणि किती विद्यार्थ्यांत तो मिळाला, ते लिहावे. निबंध स्पर्धा नववीनंतरची असेल, तर तिला चौथी जागा मिळेल. कबड्डी उपक्रमांत जाईल. पदक व सहभागपत्र फाईलमध्येच राहतील.

अशा रीतीने पाचपैकी चार जागा भरतात व पाचवी रिकामी राहते. ती तशीच राहू द्यावी. रिकामी ओळ हा दोष नव्हे. शोभेसाठी घातलेली पाचवी नोंद वाचकाच्या मनात आधीच्या चारांविषयीही शंका उत्पन्न करते.

शाळा व ग्रामपंचायतीचे कर्तव्य

या कामी विद्यार्थ्याइतकीच जबाबदारी प्रशस्तिपत्र देणाऱ्यांवरही आहे. स्वातंत्र्यदिनी वा प्रजासत्ताकदिनी गावोगावी गुणवंतांचा सत्कार होतो. परंतु ‘उल्लेखनीय कामगिरीबद्दल’ या मोघम शब्दांपलीकडे कागदावर काही नसते. स्पर्धेचे नाव, दिनांक, इयत्ता, स्पर्धकांची संख्या, निवडीचा आधार आणि जावक क्रमांक एवढा तपशील घातला व त्याची नोंदवहीत नोंद ठेवली, तर तोच कागद चार वर्षांनंतरही उपयोगी पडतो. यास वेगळा खर्च येत नाही.

सामाईक अर्जासोबत शाळेचा अहवालही पाठवावा लागतो. स्वतंत्र समुपदेशक नसेल, तेथे मुख्याध्यापक किंवा प्राचार्य हे काम करू शकतात. शाळेत किती विद्यार्थी आहेत, प्रयोगशाळा आहे की नाही, मुले किती अंतरावरून येतात, कोणत्या स्पर्धांची संधीच तेथे पोहोचत नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहावे. ज्या शाळेत ऑलिंपियाडचे परीक्षा केंद्रच नाही, तेथील मुलीच्या अर्जात त्याचा उल्लेख नसणे ही तिची उणीव ठरत नाही. मात्र हे वाचणाऱ्यास कोणीतरी सांगावे लागते.

१८८३ साली आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते. त्या पत्राचा भर मानसन्मानांवर नव्हता. आपल्या देशातील स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी, हा हेतू आणि त्यासाठी सोसलेला विरोध त्यांनी सरळपणे मांडला होता. त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. आजचे अर्ज रकान्यांत विभागलेले आहेत; तरीही प्रत्येक ओळ खरी असावी आणि ती अपरिचितासही कळावी, ही अपेक्षा आजही कायम आहे. एवढे भान शिक्षकाने विद्यार्थ्यास दिले, तर लहान गावातील मुलीचा अर्जही कोणापुढे ठेवण्यास संकोच वाटण्याचे कारण उरणार नाही.