हंटरवाली आणि तिची मुलगी

(एखादा चित्रपट खूप चालला की त्याचा दुसरा भाग निघतो. तो दुसरा भागही पहिल्याइतकाच चालतो का? मुंबईतील परळ भागात घडलेल्या एका जुन्या हकिकतीच्या आधारे प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, एखादा आवडता चित्रपट पाहून तुम्ही बाहेर पडता. गोष्ट संपलेली असते. पण तुमचे मन भरलेले नसते. ‘पुढे काय झाले असेल?’ असे तुम्ही मित्राला विचारता. चित्रपट बनवणाऱ्यांच्या कानांवरही हा प्रश्न जातो. मग एक दिवस भिंतीवर नवे पोस्टर लागते. त्यावर नाव जुनेच असते, पुढे फक्त ‘२’ हा आकडा असतो. कधीकधी ‘३’ सुद्धा असतो!

तुम्हांला वाटेल, की ही पद्धत अलीकडची आहे. पण तसे नाही. आपल्या देशातील अशा अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी एक १९४३ साली पडद्यावर आला. त्याचे नाव होते ‘हंटरवाली की बेटी’. ही मुलगी कोण, हे समजण्यासाठी आधी तिच्या आईला भेटले पाहिजे. त्यासाठी आपण परळला जाऊ.

परळ म्हटले की आपल्याला कापडगिरण्या आठवतात. गिरणीचा भोंगा वाजला की हजारो कामगार रस्त्यावर येत. दिवसभर यंत्रांपुढे उभे राहून थकलेला कामगार कधी भजनात रमे, कधी तमाशाला जाई, तर कधी सिनेमाला. याच वस्तीत वाडिया घराण्याची ‘लवजी कॅसल’ नावाची मोठी हवेली होती. वाडियांचे पूर्वज जहाजे बांधणारे नामांकित कारागीर. त्याच घराण्यातील जमशेद आणि होमी या दोन भावांना मात्र जहाजांपेक्षा सिनेमाचे वेड अधिक! त्यांनी १९३३ साली ‘वाडिया मूव्हीटोन’ ही कंपनी काढली आणि या हवेलीत स्टुडिओ थाटला. ‘लाल-ए-यमन’ हा त्यांचा पहिला बोलपट.

त्यांच्याकडे नादिया नावाची एक तरुणी काम मागायला आली. तिचे मूळ नाव मेरी इव्हान्स. जन्म ऑस्ट्रेलियातला, पण ती लहानपणीच भारतात आली होती. घोडेस्वारी तिला उत्तम येत होती. काही काळ तिने सर्कशीतही काम केले होते. तिला नायिका करून वाडिया बंधूंनी ‘हंटरवाली’ बनवला. हंटर म्हणजे चाबूक. दुष्ट वजिराचा अन्याय दूर करण्यासाठी एक राजकन्या तोंडावर बुरखा चढवते, हातात हंटर घेते आणि घोड्यावर बसून गोरगरिबांच्या मदतीला धावते, अशी ती गोष्ट होती.

या चित्रपटाला सुमारे ८०,००० रुपये खर्च आला. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. पण चित्रपट विकत घ्यायला वितरक पुढे येईनात. गोरी, सोनेरी केसांची बाई पुरुषांना चाबकाने झोडपते, हे लोकांना कसे रुचेल, अशी त्यांना शंका वाटत होती. शेवटी वाडिया बंधूंनी स्वतःच पुढाकार घेतला आणि १९३५ साली ग्रँट रोडवरील सुपर सिनेमात चित्रपट लावला. लोकांनी तो डोक्यावर घेतला! पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ तो चालला. बाजारात ‘हंटरवाली’ छापाचे पट्टे आणि काड्यापेट्याही विकल्या जाऊ लागल्या. ज्या चित्रपटावर कोणाचा भरवसा नव्हता, त्याने सर्वांना खोटे ठरवले.

पुढे दिवस पालटले. मोठे बंधू जमशेद यांना वेगळ्या विषयांवरचे चित्रपट करावेसे वाटू लागले. होमींचा ओढा साहसपटांकडेच होता. १९४२ साली दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. परळचा स्टुडिओही वाडियांकडून गेला. तेथे व्ही. शांताराम यांनी ‘राजकमल कलामंदिर’ सुरू केले. होमींनी ‘बसंत पिक्चर्स’ ही नवी कंपनी काढली. महायुद्धाचे दिवस होते. कच्ची फिल्म मिळणे कठीण झाले होते. नव्या कंपनीला उभे राहायचे तर लोकांच्या ओळखीचे काहीतरी हवे होते. होमींना आपली जुनी हंटरवाली आठवली. आठ वर्षांनी तिची ‘मुलगी’ पडद्यावर आली. नायिका अर्थातच नादिया होती. चित्रपट चालला. बसंत पिक्चर्सचा जम बसला. पुढे याच कंपनीने ‘अलीबाबा आणि चाळीस चोर’ आणि ‘हातिमताई’ यांच्या कथा पडद्यावर आणल्या.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या वेळी घरोघरी दूरदर्शन संच नव्हते. जुना चित्रपट पुन्हा मनात येईल तेव्हा पाहण्याची सोय नव्हती. तरीही आठ वर्षे लोक ‘हंटरवाली’ हे नाव विसरले नाहीत. हे नाव हेच होमींचे भांडवल होते. नव्या चित्रपटाची ओळख करून द्यायला खूप जाहिरात करावी लागते. दुसऱ्या भागाचे तसे नसते. त्याची अर्धी जाहिरात पहिल्या भागाने आधीच केलेली असते. म्हणून पहिल्याच दिवशी तिकीटबारीसमोर रांग लागते.

मग सगळेच दुसरे भाग यशस्वी का होत नाहीत? यासाठी थोडा हिशेब करू. समजा, एका चित्रपटाला १ लाख रुपये खर्च आला आणि निर्मात्याच्या हाती ४ लाख रुपये आले. त्याला ३ लाख रुपये नफा झाला. आता दुसरा भाग काढायचा. नायक अधिक पैसे मागतो. लोकांच्या अपेक्षा वाढलेल्या असतात, म्हणून देखावेही भव्य करावे लागतात. समजा, या वेळी खर्च ३ लाख झाला आणि हाती ५ लाख आले. वर्तमानपत्रात छापून येते, की ‘दुसऱ्या भागाने पहिल्याला मागे टाकले!’ मिळकत खरोखरच १ लाखाने वाढली आहे. पण नफा किती झाला? फक्त २ लाख. म्हणजे मिळकत वाढली आणि नफा घटला. तेव्हा मित्रांनो, चित्रपटाच्या कमाईचे मोठे आकडे वाचताना खर्च किती झाला, हेही विचारायला शिका. शिवाय तिकिटाचा सगळा पैसा निर्मात्याला मिळत नाही. त्यातून सरकारचा कर जातो, चित्रपटगृहाचा वाटा जातो आणि वितरकाचाही वाटा जातो.

आणखी एक कारण आहे. समजा, तुमच्या वर्गात एक चाचणी झाली. तिच्यात पहिल्या आलेल्या पाच मुलांची नावे लिहून ठेवा. पुढच्या चाचणीत तीच पाच मुले पुन्हा पहिली येतील का? बहुधा नाही. दोघे-तिघे मागे पडतील. याचा अर्थ ती आळशी झाली असा नाही. पहिल्या वेळी त्यांच्या मेहनतीला थोडी दैवाची साथही मिळाली होती. चित्रपटांचेही असेच असते. पडलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग सहसा कोणी काढत नाही. जो खूप चालला, त्याचाच काढतात. तेव्हा वर्गात पहिल्या आलेल्या मुलाशीच त्याची तुलना होते! थोडा मागे राहिला तरी लोक म्हणतात, “पहिल्याची सर नाही.”

आता अलीकडची काही उदाहरणे पाहू. ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ हा चित्रपट २००३ साली आला. त्यात मुन्ना वैद्यकीय महाविद्यालयात जातो. २००६ साली आलेल्या ‘लगे रहो मुन्नाभाई’त तो पुन्हा डॉक्टर व्हायला निघाला नाही. या वेळी त्याला गांधीजी भेटले. माणसे तीच, पण सांगायचे काहीतरी नवे होते. दोन्ही चित्रपट लोकांना आवडले. मराठीत ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे तीन भाग २०१०, २०१५ आणि २०१८ साली आले. पहिल्यात दोन अनोळखी तरुण भेटतात, दुसऱ्यात त्यांच्या लग्नाची गडबड असते, तर तिसऱ्यात घरात बाळाची चाहूल लागते. जणू प्रेक्षकांबरोबर ती दोघेही मोठी होत गेली.

‘बाहुबली’ची गोष्ट निराळी. २०१५ साली त्याचा पहिला भाग अर्ध्यावरच थांबला. कटप्पाने बाहुबलीला का मारले, हा प्रश्न दोन वर्षे देशभर विचारला जात होता. उत्तर हवे तर दुसरा भाग पाहणे भागच होते! पहिल्या भागाची जगभरातील मिळकत सुमारे ६०० कोटी रुपये होती, तर २०१७ च्या दुसऱ्या भागाची १,७०० कोटी रुपयांहून अधिक. याउलट २००५ साली गाजलेल्या ‘बंटी और बबली’चा दुसरा भाग २०२१ साली आला, तेव्हा नाव ओळखीचे असूनही प्रेक्षक फिरकले नाहीत.

या उदाहरणांवरून काय दिसते? नाव प्रेक्षकाला दारापर्यंत आणते. पण चित्रपट पाहून बाहेर पडलेला माणूस शेजाऱ्याला काय सांगतो, यावर पुढचे आठवडे अवलंबून असतात. पहिला आठवडा नावाचा असतो. दुसरा आठवडा कामाचा असतो.

परळच्या गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. पण त्या काळच्या कामगाराची आठवण ठेवण्यासारखी आहे. त्याच्या खिशात पैसे थोडे असत. एक तिकीट काढायचे म्हणजे दुसरी एखादी हौस मारावी लागे. असा माणूस एकदा नावावर विश्वास ठेवतो. त्याची निराशा झाली, तर तो पुन्हा रांगेत उभा राहत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींचा मोठा भाऊ किंवा बहीण याच शाळेत शिकून गेली असेल. पहिल्या दिवशी गुरुजी कौतुकाने म्हणतात, “अरे, तू त्याचा भाऊ का?” तुम्हांला पुढच्या बाकावर जागा मिळते. पण आठवड्याभराने गुरुजी वही उघडायला सांगतात. त्या वेळी वहीत अक्षर मात्र तुमचेच असावे लागते.

शब्दार्थ

हकिकत – घडलेली गोष्ट
भोंगा – गिरणीची वेळ सांगणारा मोठा आवाज
वितरक – चित्रपट चित्रपटगृहांपर्यंत पोहोचवणारा व्यापारी
डोक्यावर घेणे – खूप कौतुक करणे
जम बसणे – धंदा नीट चालू लागणे
भांडवल – धंद्यात घालायची पुंजी
तिकीटबारी – तिकिटे विकण्याची खिडकी
सर नसणे – बरोबरी न होणे
हौस मारणे – इच्छा दाबून टाकणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘वाडिया मूव्हीटोन’चा स्टुडिओ कोठे होता?
(आ) वाडियांच्या नंतर त्या जागी कोणता स्टुडिओ सुरू झाला?

२. कारणे लिहा.
(अ) ‘हंटरवाली’ विकत घ्यायला वितरक तयार नव्हते.
(आ) मिळकत वाढूनही निर्मात्याचा नफा घटू शकतो.

३. ‘पहिला आठवडा नावाचा असतो, दुसरा आठवडा कामाचा असतो’ या वाक्याचा अर्थ चार-पाच वाक्यांत सांगा.

४. वजीर, हवेली, नफा, हिशेब हे शब्द उर्दूतही वापरतात. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

५. उपक्रम : घरातील वडीलधाऱ्यांना त्यांनी चित्रपटगृहात पाहिलेल्या पहिल्या चित्रपटाविषयी विचारा. त्यांनी सांगितलेली आठवण मराठीत लिहा.